गाळ उपसणाऱ्या जहाजावरचा बत्तीसाब

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. तेथून रेल्वेने मुंबई गाठायची तर साडेसातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. तरीही सेवाग्रामच्या मातीचा समुद्राशी संबंध आहे. पावसाळ्यात काळ्या रानातून वाहणारे पाणी गढूळ होते आणि ओढ्यानाल्यांतून नदीकडे धावते. जवळच पवनारला धाम नदी आहे. धामचे पाणी पुढे वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. वाटेतल्या धरणांत बरीच माती खाली बसते. उरलेली माती नदी समुद्राच्या तोंडाशी नेऊन सोडते. हाच तो गाळ. उर्दूत यालाच 'गाद' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पश्चिम किनाऱ्यावरही हेच घडते. मुंबईच्या बंदरात पाताळगंगा आणि अंबा या नद्यांचे पाणी खाड्यांतून येते आणि आपल्याबरोबर चिखल आणते. शिवाय दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी होते. त्या ओढाताणीत तळाचा मऊ चिखल ढवळला जातो आणि जहाजांसाठी खणलेल्या वाटेत पुन्हा येऊन बसतो. खणलेली वाट म्हणजे एक प्रकारचा खड्डाच. खड्डा भरून काढणे हा पाण्याचा स्वभाव आहे.

आता जहाजाचा विचार करा. मालाने भरलेले मोठे जहाज पाण्यात चौदापंधरा मीटर खोल बुडालेले असते. म्हणजे चारपाच मजली इमारतीइतका भाग पाण्याखाली असतो. वाटेत गाळ साचला तर असे जहाज तळाला टेकते व अडकते. म्हणून बंदराकडे येणारी वाट सतत खोल ठेवावी लागते. मुंबईची इंदिरा गोदी १९१४ सालची आणि समोरच्या किनाऱ्यावरचे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालचे. या दोन्ही ठिकाणी गाळ काढण्याच्या कामाला कधीच पूर्णविराम मिळत नाही. विशेषतः पावसाळा संपला की ते काम जोरात सुरू होते.

हे काम करणाऱ्या जहाजाला ड्रेजर म्हणतात. ड्रेजरचे अनेक प्रकार आहेत. काही ड्रेजर लोखंडी पंज्याने गाळ उचलतात. काहींच्या तोंडाशी दात असलेले फिरते चाक असते. ते कठीण तळ फोडते. परंतु आपल्या बंदरांत सर्वांत जास्त दिसतो तो गाळ ओढून घेणारा ड्रेजर. त्याच्या कुशीला एक लांबलचक लोखंडी नळी असते. नळीच्या टोकाला रुंद तोंड असते. वीजेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या चरख्यांनी, म्हणजे विंचांनी, ही नळी तळापर्यंत सोडतात. मग जहाज माणसाच्या चालण्याच्या वेगाने हळूहळू पुढे जाते आणि आतला प्रचंड पंप पाण्यासह गाळ वर खेचतो. घरात जमीन झाडण्याचे यंत्र धूळ ओढते, तसेच हे. गाळ जहाजाच्या पोटातील हौदात पडतो. हौद भरला की नळी वर घेतात, जहाज ठरवून दिलेल्या जागी खोल समुद्रात जाते, तळाचे दरवाजे उघडते, गाळ सोडते आणि परत येते. दिवस असो वा रात्र, हे चक्र चालूच असते.

आपल्या देशात या कामासाठी १९७६ साली ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय विशाखापट्टणमला आहे. २०१९ साली सरकारने आपला हिस्सा चार बंदरांच्या हाती सोपवला. त्यांत न्हावाशेव्याचे बंदरही आहे. या कंपनीच्या काही ड्रेजरांचा हौद ५५०० घनमीटरांचा आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशी तुमची वर्गखोली असेल, तर अशा बत्तीसहून अधिक खोल्या एका फेरीच्या गाळाने काठोकाठ भरतील!

आता आपण या जहाजावरच्या एका माणसाकडे वळू. तो नळी खाली सोडत नाही, जहाजही हाकत नाही. पण त्याच्यावाचून दोन्ही कामे अडतात. तो म्हणजे जहाजावरचा वीजतंत्री. भारतीय खलाशी त्याला 'बत्तीसाब' म्हणतात. जहाजावरची भाषा मोठी गमतीची आहे. मुख्य इंजिनिअर तो 'बडा साब', सुकाणू धरणारा 'सुखानी', खलाश्यांचा मुकादम 'सारंग'. जहाज, बंदर, दर्या, खलाशी हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. अरबस्तान, इराण आणि कोकण यांच्यामध्ये शेकडो वर्षे गलबते ये-जा करीत होती. त्यांच्याबरोबर मालासारखे शब्दही आले. अशा कुटुंबातला 'बत्तीसाब' हा शब्द मात्र नव्या काळातला, कारण जहाजावर वीज आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

नाव बत्तीसाब असले तरी दिवे लावणे एवढेच त्याचे काम नाही. गावात वीज गेली तर आपण वीज मंडळाच्या कार्यालयात तक्रार करतो आणि वाट पाहतो. समुद्रात तक्रार कोणाकडे करणार? जहाज आपली वीज आपणच तयार करते. खाली इंजिनघरात दोनतीन मोठी जनित्रे असतात. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, तर जहाजावर मोटारींसाठी साधारणपणे ४४० व्होल्ट वापरतात. काही मोठ्या ड्रेजरांवर पंपासाठी त्याहून कितीतरी जास्त. ही वीज मुख्य स्विचबोर्डावरून सगळीकडे जाते. सुकाणूची मोटार, नळीचे विंच, पाण्याचे पंप, हवेचे पंखे, रडार, बिनतारी यंत्र, स्वयंपाकघर, सगळे त्यावर चालते. मुख्य वीज गेली तर वरच्या मजल्यावरचे आणीबाणीचे जनित्र आपोआप सुरू व्हावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याला जास्तीत जास्त ४५ सेकंद मिळतात. ते खरोखर सुरू होते की नाही, याची चाचणी बत्तीसाब वरचेवर घेतो. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

ड्रेजरवर विजेचे शत्रू पुष्कळ. पहिला शत्रू खारी हवा. मिठाचा पातळ थर ओलावा धरून ठेवतो आणि मीठमिश्रित ओलाव्यातून वीज सहज वाहते. दुसरा शत्रू वाळू व चिखल. हौद भरून वाहू लागला की डेकवर सगळीकडे शिंतोडे उडतात. तिसरा शत्रू थरथर. पंपातून दगडगोटे जाताना सारे जहाज दिवसरात्र थरथरत असते. त्या थरथरीने घट्ट बसवलेले स्क्रूसुद्धा हळूहळू सैल होतात. सैल जोडातून वीज जाताना तो जोड तापतो, तापला की काळा पडतो आणि काळा पडला की आणखी तापतो.

म्हणून बत्तीसाबची सकाळ फेरीने सुरू होते. मोटारीवर हात ठेवून तो ती किती तापली आहे ते पाहतो, कान देऊन बेअरिंगचा आवाज ऐकतो, डेकवरच्या पेट्यांची झाकणे नीट बसली आहेत का ते तपासतो. झाकणाखालची रबरी पट्टी फाटली असेल तर ती बदलतो. चार रुपयांच्या पट्टीने कधीकधी लाखाची मोटार वाचते. दिवसा एवढे काम आणि रात्री अकराला झोप लागते न लागते तोच वरून फोन येतो, "बत्तीसाब, विंच चालत नाही." नळी पाण्यात आहे, जहाज चालते आहे आणि विंच बंद. अशा वेळी नळी तळात रुतू शकते किंवा जहाजाखाली ओढली जाऊ शकते. तेव्हा त्याला धावावेच लागते.

त्याच्याजवळ मेगर नावाचे एक उपकरण असते. तारेवर रोधक आवरण असते. त्याला इन्सुलेशन म्हणतात. ते किती मजबूत राहिले आहे हे मेगर सांगतो. माप मेगओहममध्ये असते. मोटार बंद करून, वीज तोडून हे माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. समजा, एका पंपाच्या मोटारीचे माप जानेवारीत २० होते, फेब्रुवारीत ८ झाले आणि मार्चमध्ये २ वर आले. मोटार अजून उत्तम चालते आहे. इतर कोणालाही त्यात काही वावगे दिसणार नाही. पण वही वाचणाऱ्याला कळते की हिच्या आत ओलावा शिरला आहे. तो ती मोटार सवडीने उघडतो, गरम हवेने सुकवतो आणि पुन्हा बसवतो. वहीच नसती तर ती मोटार एखाद्या रात्री ऐन कामात जळाली असती. माझ्या मते बत्तीसाबच्या हत्यारांत ही वही पहिल्या क्रमांकाची.

आता एक अशी गोष्ट पाहू, जी घरच्या विजेपेक्षा वेगळी आहे. आपल्या घरी वीजपुरवठ्याची एक बाजू जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे दुसरी, म्हणजे जिवंत तार, एखाद्या यंत्राच्या लोखंडी अंगाला लागली आणि त्या यंत्राचे आर्थिंग चांगले असले, तर मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. जहाजावर असे केले तर पंचाईत होईल. समजा, अरुंद वाटेत जहाज वळत असताना सुकाणूच्या मोटारीची तार लोखंडाला लागली आणि फ्यूज उडाला, तर जहाज सरळ काठावर जाईल. म्हणून बहुतेक जहाजांवर विजेची कोणतीही बाजू जहाजाच्या लोखंडाला जोडत नाहीत. एक तार कोठेतरी लोखंडाला टेकली, तरी प्रवाहाला परत जाण्याची वाट सापडत नाही. यंत्र चालू राहते आणि संकट टळते.

पण मग दोष झाला आहे हे कळायचे कसे? त्यासाठी स्विचबोर्डावर तीन छोटे दिवे एका ओळीत असतात. विजेच्या तीन तारा असतात. प्रत्येक तार आणि जहाजाचे लोखंड यांच्यामध्ये एक दिवा जोडलेला असतो. सगळे ठीक असेल तर तिन्ही दिवे सारखेच मंद जळतात. एखादी तार लोखंडाला लागली की तिचा दिवा विझतो किंवा अगदी फिका पडतो, आणि उरलेले दोन जास्त प्रखर होतात. किती सोपी युक्ती! नव्या जहाजांवर यासाठी आकडे दाखवणारी यंत्रे असतात, घंटाही वाजते. तरी तत्त्व तेच आहे.

दिवा फिका पडला म्हणजे शोध सुरू. दोष जहाजात कोठेही असू शकतो. बत्तीसाब इंजिनघराला आणि वर सुकाणूच्या खोलीला कळवतो. मग स्विचबोर्डावरचा एकेक विभाग क्षणभर बंद करतो आणि दिव्यांकडे पाहतो. स्वयंपाकघर बंद केले, फरक नाही. पंखे बंद केले, फरक नाही. डेकवरचे दिवे बंद केले आणि तिन्ही दिवे सारखे झाले! म्हणजे दोष त्या वाटेवर आहे. मग टॉर्च घेऊन एकेक पेटी उघडायची. बहुधा एखाद्या पेटीत चमचाभर खारे पाणी सापडते. सुकाणूची मोटार मात्र अशी चाचणीसाठी बंद करता येत नाही. तिच्यासाठी जहाज सुरक्षित जागी जाईपर्यंत थांबावे लागते. तोवर दुसऱ्या तारेतही तसाच दोष झाला तर? मग दोन दोषांच्या मधले लोखंड वाट बनते, शॉर्टसर्किट होते आणि अंधार पसरतो. म्हणूनच, सगळे चालू असतानाही, पहिल्या दोषावर स्वस्थ बसता येत नाही. आणखी एक समजूत चुकीची आहे. अशा व्यवस्थेत तारेला हात लावला तरी झटका बसत नाही, असे काहीजण मानतात. ते खरे नाही. मैलोगणती तारांमध्ये आणि लोखंडामध्ये इतकी वीज साठून असते की माणसाचा जीव जाऊ शकतो.

फ्यूज बदलणे कोणालाही शिकवता येते. दिवा का फिका पडला हे समजायला मात्र कारण कळावे लागते. येथे सेवाग्रामची आठवण होते. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षणाविषयी एक परिषद भरवली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन, हेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला 'नई तालीम' असे नाव मिळाले आणि सेवाग्राम त्याचे केंद्र बनले. मुलांनी हातांनी काम करावे; पण ते यंत्रासारखे नव्हे, तर प्रत्येक क्रियेचे कारण समजून घेत करावे, असा तिचा आग्रह होता. तेथे चरखा होता, शेती होती. जहाजावरची वीज अर्थातच नव्हती. पण तीन दिव्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमकी हीच तालीम उपयोगी पडते.

एका तारेवर किती काही अवलंबून असते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर 'डाली' नावाचे सुमारे तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघाले. ते ड्रेजर नव्हते. पण जहाजावरच्या विजेचा धडा सर्वांना सारखाच. त्यावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. पुलाजवळ येताच जहाजाची वीज गेली. ती परत आली आणि पुन्हा गेली. जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि तो प्रचंड पूल कोसळला. जहाजावरून वेळीच संदेश गेल्यामुळे पुलावरची वाहतूक थांबवता आली. मात्र रात्री पुलावर खड्डे बुजवत असलेले सहा कामगार मरण पावले. तपास अनेक महिने चालला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष सांगितला. स्विचबोर्डातील एक बारीक तार सैल होती. तारेच्या टोकाशी तिची ओळख दाखवणारी छोटी पट्टी बसवलेली होती. ती पट्टी आड आल्यामुळे तार आपल्या जागी पुरती आत गेलीच नव्हती. शेकडो तारांतली ही एक तार.

म्हणून तार बसवली की ती हलकेच ओढून पाहायची, अशी चांगल्या वीजतंत्र्याची सवय असते. बघणाऱ्याला ती वेळ घालवणे वाटते. तसे ते नाही.

ड्रेजरवर आणखी एक खास जबाबदारी आहे. नळीचे तोंड पाण्याखाली कोठे आहे, हे कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. नळीवर आणि नळीच्या सांध्यांवर मापके बसवलेली असतात. नळी किती तिरपी आहे, तोंड किती खोल आहे, नळीतून पाणी किती आणि गाळ किती जातो आहे, ही सगळी माहिती तारांतून वर येते आणि पडद्यावर आकडे उमटतात. नळी चालवणारा माणूस त्या आकड्यांवर विसंबून काम करतो. आंधळ्याला काठी तशी त्याला ही मापके. खोली अर्ध्या मीटरने चुकीची दिसली तर वाटेत उंचवटा राहून जाईल आणि मागून येणारे जहाज त्यावर टेकेल. म्हणून मापके खरे बोलतात की नाही हे बत्तीसाबने पडताळून पाहायचे असते. गाळाची घनता मोजण्यासाठी काही ड्रेजरांवर किरणोत्सारी पदार्थ असलेले उपकरण असते. त्याला मात्र, खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय, कोणीही हात लावायचा नसतो.

पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असताना काम करणे ही तारेवरची कसरत आहे. म्हणून कामाचा एक क्रम ठरलेला असतो आणि घाई कितीही असली तरी तो मोडायचा नसतो. आधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यायची. मग वीज तोडायची, फ्यूज काढायचा, स्विचला कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तेथे पाटी लावायची: 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' त्यानंतर तार खरोखर निर्जीव आहे का हे तपासायचे. येथे एक बारकावा आहे. तपासणारे उपकरणच बिघडलेले असेल तर? म्हणून ते आधी एखाद्या चालू तारेवर लावून पाहतात, मग बंद तारेवर, आणि शेवटी पुन्हा चालू तारेवर. घरी टेस्टर वापरतानाही हे करून पाहण्यासारखे आहे. अर्थात वडीलधाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखाली. कोणाला विजेचा झटका बसलाच तर त्याला हाताने ओढायचे नाही. आधी वीज तोडायची. नाहीतर एकाच्या जागी दोघे सापडतात.

हे काम शिकायचे तर सुरुवात कोठून करावी? दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो केलेले तरुण कारखान्यात, गोदीत, बंदराच्या यंत्रांवर काम करतात आणि तेथून काहीजण जहाजावर मदतनीस म्हणून जातात. अधिकारी व्हायचे असेल तर वीज किंवा इलेक्ट्रॉनिक्स या विषयातील पदविका अथवा पदवी हवी. त्यानंतर जहाजाच्या विजेचे काही महिन्यांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१० साली मनिला येथे झालेल्या दुरुस्त्यांमुळे या पदाला आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी त्याची पात्रता सगळीकडे सारखी नव्हती. याशिवाय पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार यांचे छोटे वर्ग करावे लागतात आणि नाविकाचे नोंदपुस्तक काढावे लागते. डोळ्यांची तपासणी कडक असते. तारांचे रंग ओळखता आले नाहीत तर हे काम करता येत नाही. मुलींनाही या पदासाठी कोणताही नियम आडवा येत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांना आवर्जून सांगा. जहाजावर नोकरी लावून देतो असे सांगून पैसे उकळणारे दलाल शहरोशहरी आहेत. जहाज वाहतुकीचे महासंचालनालय मुंबईत आहे. मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थांची आणि परवाना असलेल्या नोकरभरती कंपन्यांची यादी तेथे मिळते. फीचा पहिला रुपया भरण्याआधी त्या यादीत नाव आहे का ते पाहावे.

जहाजावरचा करार काही महिन्यांचा असतो. तो संपला की बत्तीसाब घरी जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. पुष्कळदा दोघांची भेट एखाददोन तासांचीच होते. जाणारा येणाऱ्याला कोणती मोटार कुरकुरते, कोणत्या पेटीत पाणी शिरते, कोणता दिवा मधूनच फिका पडतो, ते सांगतो. मग किल्ल्यांचा जुडगा आणि मेगरची वही त्याच्या हाती देतो. खाली होडी थांबलेली असते आणि वर पंप चालूच असतो.